पगडीतून गाळलेला युरिया

रिजायना, कॅनडा
पोह (पौष) महिना (तारीख पलीकडच्या खोलीत भिंतीवर आहे, पण मधल्या दाराला बर्फ धरलाय)

आदरणीय मामाजी नाहर सिंगजी आणि मामीजी यांना रेशमचा पैरीपौना आणि सत श्री अकाल.

मामाजी, तुमचा गुडघा कसा आहे? मामीजींचा रक्तदाब खाली आला का, की अजून तुम्ही समोर दिसलात की वर चढतो? भुरी म्हैस व्यायली असेल, तर माझ्या वाटणीचा खरवस माझं नाव घेऊन तुम्हीच खा, शेजारी वाटू नका. इकडे सर्व कुशल आहे. हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला घालावंच लागतं असं मला आठवीपर्यंत शिकवलं. त्यापुढे मी शाळेत गेलो नाही, त्यामुळे कुशल नसेल तेव्हा काय लिहायचं असतं ते मला माहीत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. मामाजी, फोनवर तुम्ही बोलता आणि मी ‘हांजी, हांजी’ करतो. मागच्या वेळी मी ‘मामाजी, गाडीचं जरा’ एवढंच म्हणालो, पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं आणि तुम्ही म्हणालात, ‘फोन इंजिनाजवळ धर.’ धरला. तुम्ही दम धरून ऐकलंत आणि निकाल दिलात, की तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजतोय. तेव्हा सांगायचा धीर झाला नाही, आता सांगतो: माझं इंजिन बंद होतं. तुम्ही ऐकलंत ते शेजाऱ्याचं बर्फ उडवायचं यंत्र. (मामीजी, चष्मा तुमच्याकडे असल्यामुळे हे पत्र तुम्हीच मोठ्याने वाचणार. वरचं वाक्य गाळलंत तरी चालेल. तुम्ही गाळणार नाही, हेही मला ठाऊक आहे.) म्हणून हे पत्र. गुरुद्वाऱ्याच्या प्रधानजींची सासू पुढच्या आठवड्यात मोग्याला निघाली आहे, तिच्या पिशवीत घालून पाठवतो.

मी इकडे आल्यापासून गाड्या धुतल्या, कांदे भरले, पिझ्झे पोचवले, छपरं शाकारली, आणि दर वेळी महिना-दोन महिन्यांत पायाला खाज सुटून निघून गेलो. तुम्ही म्हणायचात ना, ‘याच्या बुडाला भिंगरी आहे’, ती विमानातून सोबत आली. शेवटी सरदूल वीरजींनी मला ट्रकवर ठेवलं. वीरजी म्हणजे आपल्या जगरावचेच, ज्यांचा पहिला ट्रक तुम्ही रेडिएटरला कान लावून दुरुस्त केला होता. ते अजून तुमचं नाव काढलं की डाव्या कानाला हात लावतात आणि ‘उस्ताद’ म्हणतात. त्यांच्याकडे दोनच ट्रक, आणि दोन्ही त्यांना पोटच्या पोरांपेक्षा प्यारे. (पोरं टोरांटोला असतात आणि फोन करत नाहीत. ट्रक निदान बिघडल्यावर तरी आठवण काढतात.) तर वीरजींनी मला वचन दिलं होतं, की हा हिवाळा नीट काढलास, तर ‘हा माझ्या गाडीवरचा कायमचा माणूस’ असं सरकारला लिहून देऊन सही करेन. ती सही झाली की माझे इथले कागद पक्के. ती नाही झाली, तर माझा कामाचा परवाना उन्हाळ्यात संपतो आणि मी परत तुमच्या दारात, अंगावर याच कोटासकट. माझं सगळं या एका सहीवर लटकलेलं आहे, आणि सही ट्रकवर लटकलेली आहे, आणि ट्रक कशावर लटकलेला आहे ते आता ऐका.

मामाजी, तुमच्या गॅरेजातला डिझेल ट्रक म्हणजे आपल्यासारखा सरळ प्राणी. खातो, ढेकर देतो, ओझं ओढतो. धूर काळा निघाला, की तुम्ही म्हणता, ‘मर्द गाडी आहे.’ इथल्या ट्रकने ढेकर द्यायची नाही, असा कायदा आहे. आधी त्याला त्याचाच थोडा धूर परत पाजतात. (स्वतःचं उष्टं! आपल्याकडे कुत्र्यालासुद्धा त्याच ताटात वाढत नाहीत.) मग उरलेल्या धुरातली काजळी पकडायला सायलेन्सरच्या जागी एक मोठी जाळी. ती जाळी भरली, की ट्रक ती आपली आपण तापवून काजळी जाळतो. मग उरतो दिसत नाही असा विषारी वायू, तो मारायला धुरात निळ्या झाकणाच्या टाकीतलं युरियाचं पाणी फवारायचं. आणि या सगळ्यांवर देखरेख करायला जागोजागी सेन्सर, म्हणजे घरात सुनेवर नजर ठेवणाऱ्या नणंदा. त्यातली एक जरी रुसली, तरी कॉम्प्युटर आधी पिवळा दिवा लावतो, मग लाल, मग ताकद कमी करतो, आणि शेवटी ताशी आठ किलोमीटर. इंजिन आतून ठणठणीत असतं, पण त्याला चालायची परवानगी नसते. जावई घरात धडधाकट बसलाय आणि हुंडा नाही म्हणून घोड्यावर चढत नाही, अशातला प्रकार.

आता माझा काय गुन्हा झाला? मी तुमचा शिष्य. तुम्ही शिकवलंत, की थंडीत डिझेल इंजिन बंद करायचं नसतं, ते म्हशीसारखं असतं, उबेत ठेवलं तरच सकाळी दूध देतं. इथे थुंकी जमिनीवर पडायच्या आत तिचा खडा होतो, म्हणून मी ट्रक रात्र-रात्र हळू चालू ठेवून आत झोपायचो. इथल्या ट्रकला नेमकं तेच वर्ज्य! हळू चालणारं इंजिन तापत नाही, न तापलेल्या धुराची काजळी जळत नाही, आणि जाळी भरत जाते. पिवळा दिवा लागला. तुम्ही म्हणालात, ‘दिव्याकडे बघू नको, आवाजाकडे लक्ष दे.’ मी दिव्यावर काळी टेप लावली आणि आवाजाकडे लक्ष दिलं. आवाज सुरेख होता. टेपखाली दिवा लाल झाला.

लाल झाल्यावर ट्रक एका जागी उभा करून जाळी जाळून घ्यावी लागते. तासभर लागतो आणि मध्ये बंद करायचं नसतं. रविवार होता, मी ट्रक गुरुद्वाऱ्याच्या मागच्या अंगणात लावला, बटण दाबलं आणि लंगरात पोळ्या लाटायला बसलो. (मामीजी, माझ्या पोळ्या आता जवळजवळ गोल होतात.) मला काय ठाऊक, की धुराड्याचं तोंड बर्फाच्या ढिगाकडे होतं! त्यातून भट्टीसारखी आग निघते. अख्खा ढीग वितळला, पाणी वाहत पुढच्या दारात गेलं, आणि तिथे पोचेपर्यंत थंडीने पुन्हा गोठलं. दारात आरसा तयार झाला. त्या आरशावरून पहिले गेले प्रधानजी, हातात खिरीचं पातेलं. प्रधानजी थांबले, पातेलं थांबलं नाही. ते बसल्या जागेवरून ओरडले, ‘ओए, कुणाच्या बापाचं इंजिन आहे ते? बंद कर आधी!’ मोठ्या माणसाचा शब्द, मी धावत जाऊन बंद केलं. अर्धी काजळी जळली, अर्धी आत भाजून घट्ट बसली. त्या दिवसापासून ट्रक माझ्यावर डूख धरून बसला.

तरी वीरजी रागावले नाहीत. म्हणाले, ‘उस्तादांचा भाचा आहेस, शिकशील.’ आणि मला कॅलगरीहून रिजायनाला केळी आणायला पाठवलं. केळी इथे हिवाळ्यात गरम डब्यातून येतात, माणसं गार डब्यातून. ‘हा माल वेळेवर आला, की सही,’ वीरजी म्हणाले, ‘आणि निळ्या टाकीचं पाणी विकत घ्यायला विसरू नकोस.’ विसरलो नाही. पण पहिल्या पंपावर त्या पाण्याची नळीच गोठलेली होती, आणि दुसरा पंप यायच्या आत मी तुम्हाला फोन केला. मामाजी, माझ्या आयुष्यात मी केलेली सगळी वाईट कामं एका पारड्यात टाकली आणि तो फोन दुसऱ्यात, तर फोनचं पारडं जमिनीला टेकेल.

तुम्ही विचारलंत, ‘त्या पाण्यात असतं काय?’ मी म्हणालो, युरिया. तुम्ही इतके हसलात, की मागे मामीजींनी ‘काय झालं, काय झालं’ म्हणून विचारलं. ‘युरिया? ओए, आपण युरियाच्या पोत्यावर जन्मलो, आणि तू बाटलीतून विकत घेतोस? गोऱ्यांनी उद्या शेण डब्यात घातलं, तर तेही घेशील!’ मग तुम्ही कृती सांगितलीत: गरम पाणी, त्यात युरिया मुठीमुठीने, जिभेला गार लागेपर्यंत, मग जुन्या पगडीच्या कापडातून दोनदा गाळायचं. खरं सांगतो, मलाही पटलं. आपल्या गावचा कुठलाही माणूस घ्या, त्याला सगळं विसरायला होईल, पण युरिया म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. शेतीच्या दुकानात मिळाला. दुकानातल्या बाईंनी विचारलं, ‘एवढ्या थंडीत? जमीन कुठे आहे तुमची?’ मी म्हणालो, मोगा जिल्ह्यात. त्यांनी बराच वेळ नकाशाकडे बघितलं.

मी ट्रकच्या शेगडीवर पाणी तापवलं, डाळीच्या डावाने ढवळलं, जिभेला लावलं (गार लागलं, त्यानंतर दोन दिवस चहा गार लागत होता), आणि आपल्या पम्मीच्या लग्नातल्या मोहरी रंगाच्या पगडीतून गाळलं. पगडीने थोडा रंग सोडला. मला वाटलं, शुभ आहे.

स्विफ्ट करंट गाव मागे पडलं आणि ट्रकने सगळे दिवे एकदम लावले, दिवाळीसारखे. मग शिंक आल्यासारखा हलला आणि ताशी आठ किलोमीटरवर आला. मामाजी, तुम्ही हा सपाट प्रदेश बघितलेला नाही. इथे पळून जाणारं कुत्रं तीन दिवस दिसत राहतं, असं इथले लोक म्हणतात. मला पळून जाणारं दिसलं नाही, पण एक बरोबर चालणारं भेटलं. कुठल्याशा शेतातून आलं, माझ्या चाकाशेजारून थोडा वेळ दुडकत आलं, माझ्याकडे वर बघितलं, आणि कंटाळून पुढे निघून गेलं. मी वीरजींना फोन केला. ‘कुठे आहेस?’ मी म्हणालो, जिथे मघाशी होतो तिथून जरा पुढे. ‘रेशम, तू गाडी चालवतोयस की लोटतोयस?’ मागे डब्यात केळी पिकत होती. मला इथपर्यंत वास येत होता, किंवा भीतीला केळ्याचा वास येत असेल.

त्या कुत्र्याचा मालक समोरून जीप घेऊन आला. ऑरेस्ट नावाचा म्हातारा शेतकरी, भुवयांवर बर्फ. काच खाली करून म्हणाला, ‘पोरा, माझं कुत्रं तुला मागे टाकून घरी आलं, म्हणून बघायला आलो, जिवंत आहेस का.’ त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी मध्यावर कुठेतरी भेटलं. ट्रकची कथा ऐकून तो खाली उतरला आणि रस्त्यात उभा राहून त्याने आपलं दुःख काढलं: नवा ट्रॅक्टर घेतला, ऐन कापणीत उभा राहिला, मोडलं काहीच नव्हतं, एक सेन्सर खोटं बोलत होता, मेकॅनिक येईपर्यंत पावसाने गहू काळा पडला. ‘आता वडिलांचा जुना काढलाय. तो माझ्यासारखा खोकतो, धुरकटतो, पण उठतो.’ मग त्याने निळं झाकण उघडून आत बघितलं. तोंडाशी पांढऱ्या-पिवळ्या खड्यांची साय धरली होती. बोटाने उचलली, हुंगली. ‘हे मी गव्हाला घालतो.’

‘मग गव्हाला कसं मानवतं?’ मी आशेने विचारलं.

‘गव्हाला झकास मानवतं. गव्हाला धुराडं नसतं.’

वीरजी दुसरा ट्रक घेऊन आले, केळ्यांचा डबा त्यांनी आपल्या गाडीला जोडला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. मी दोरीला बांधलेल्या ट्रकबरोबर गॅरेजात गेलो. तिथला मेकॅनिक अर्नेल, फिलिपिन्सचा, माझ्याएवढाच. त्याने तारा जोडल्या, पडदा वाचला, आणि पोलिसासारखा चौकशीला बसला. रात्रभर इंजिन चालू कोण ठेवायचं? मी म्हणालो, मामाजींनी सांगितलं. दिव्यावर टेप? मामाजी. जाळी जळत असताना बंद? प्रधानजी. (खोटं कशाला बोलू, तेवढं तुमच्यावर नाही.) हे पाणी? ‘केलं मी,’ म्हणालो, ‘कृती मामाजींची.’ आणि पिवळं का? पगडी. त्याने विचारलं, ‘तुझे मामा इकडे येणार आहेत का?’ मी नाही म्हणालो. त्याने छातीवर क्रूस काढला.

मी त्याला गुपचूप विचारलं, की हे सगळं कापून सरळ नळकांडं बसवलं तर? तुम्ही तेच केलं असतं. तो म्हणाला, ‘मग ट्रक सुटेल, आपण दोघं अडकू.’ त्याचं म्हणणं, या यंत्रणेत खोडी आहेत, सेन्सर नाजूक आहेत, दुरुस्ती महाग आहे, सगळं खरं. पण ट्रक रस्त्यावर नीट तापू दिला, जळत असताना त्याला छेडलं नाही आणि टाकीत फक्त शुद्ध पाणी घातलं, तर तो बरीच वर्षं त्रास देत नाही. शेतातला युरिया खाण्याच्या मिठासारखा शुद्ध नसतो, त्याच्या दाण्यांवर लेप असतो, तो आत जाऊन दगड होतो. माझ्या ट्रकमधला ते पाणी फवारायचा पंप, नोझल आणि धुराड्यातला तो महाग डबा, तिन्ही दगड झाले होते. मामाजी, मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण धडा ऐकला, आणि तो ऐकून उपयोग काय तर ट्रक सगळा हिवाळा उभा.

केळी पोचली, पण दुकानदाराने तोंड फिरवलं. काळी पडलेली सगळी गुरुद्वाऱ्यात गेली. तेव्हापासून लंगरात केळ्याची भजी, केळ्याची खीर, केळ्याची भाजी, आणि पंगतीत मी शिरलो की जमलेली संगत ताटाकडे बघते, मग माझ्याकडे. वीरजी माझ्याशी बोलत नाहीत. सहीचा कागद त्यांच्या गाडीच्या टपात सूर्य अडवायच्या पट्टीखाली खोचलेला आहे, मी तो रोज काचेतून बघतो. मामाजी, मी खचलोय. जिथे इंजिन धडधाकट असून चालत नाही, तिथे मी कुठून चालणार?

मामीजींना सांभाळा. थंडीत गुडघ्याला मोहरीचं तेल चोळा. लहान-मोठ्यांना माझा यथायोग्य नमस्कार-आशीर्वाद, आणि भुरीच्या पाठीवर एक थाप.

तुमचा आज्ञाधारक (हेच सगळ्या रोगाचं मूळ)
रेशम

ता. क. मामाजी, एवढं सगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी. वीरजी जगात कुणाचं ऐकत असतील तर तुमचं. तुम्ही त्यांना एक फोन करा आणि म्हणा, की कृती चुकीची होती, पोराचा दोष नाही, आता वय झालं, विसर पडतो. एवढं म्हणालात की ते सही करतील. मला माहीत आहे, तुम्ही आजवर कुठल्याही इंजिनाबाबत चुकलो असं म्हणाला नाहीत. एकदाच म्हणा. मी परत कधी काही मागणार नाही. (मामीजी, हे दोनदा वाचा. दुसऱ्यांदा जरा रागाने.)

ता. क. नंतर. पाकीट चिकटवायच्या आत वीरजी माझ्या खोलीत आले. हसत. हातात कागद, त्यावर सही! मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, ‘अरे, मी कालच उस्तादांना फोन केला. सगळं कळलं.’ मला वाटलं, मी न मागताच तुम्ही माझी लाज राखलीत. मग ते म्हणाले, ‘उस्ताद म्हणतात, कृती एकदम बरोबर आहे. पोराची मूठच लहान, युरिया कमी पडला.’ आणि म्हणून मला माफ. जन्मजात मुठीला कोण काय करणार! आता ते दुसऱ्या ट्रकसाठी स्वतः बनवणार आहेत, मोठ्या मुठीने, म्हणाले विकतच्या पाण्याचा खर्च कायमचा संपला. कागदावर लिहिलंय, की ‘माझे ट्रक चालू आहेत आणि ते चालवायला या माणसाची कायम गरज आहे.’ सरकारचा माणूस महिन्याभरात ट्रक बघायला येणार. मी अर्नेलचं नाव काढलं. म्हणाले, ‘उस्ताद कानाने ट्रक दुरुस्त करत होते, तेव्हा हा अर्नेल रांगतसुद्धा नव्हता.’

मामाजी, मी कधीपासून तुम्हाला फोन लावतोय. तुमचा फोन लागत नाही, कुणाशी तरी बोलताय. खिडकीतून वीरजी दिसतायत, अंगणात, पोतं उघडून बादलीशी बसलेत, फोन खांद्यात धरलाय. एक मूठ टाकली, थांबून ऐकलं. आता मान डोलावली आणि आणखी एक टाकली.